पहिला नंबर घंटेचा

कोण कुठला माणूस आहे देव जाणे, पण त्याने 'कासव' मालिकेच्या सगळ्या भागांचे नंबर लावून इंटरनेटवर टाकलेत आणि ते साफ चुकलेत. गेल्या आंब्यांच्या दिवसांत फोनवर दुसरंच काही शोधताना ते माझ्यासमोर आले. त्यानंतर चार दिवस मी घरात एका जागी बसले नाही. एकदा डाळ लागली, एकदा दूध उतू गेलं. नवरा दोन्ही वेळा गप्प राहिला, कारण माझं डोकं फिरलेलं असलं की त्याला ते दारातूनच कळतं.

यात डोकं फिरण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. लहान मुलांची एक कार्टून मालिका, तीही आमच्या लहानपणची. पण त्या माणसाने पहिला नंबर शेवटच्या भागाला दिला होता. आमच्या घरातही पहिला नंबर शेवटच्याच भागाला आहे. घोळ असा, की त्याचा शेवटचा भाग वेगळा आणि आमचा वेगळा. हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि बाबांना. बाबा आता नाहीत. आणि ज्याच्यापासून आम्ही हे लपवलं तो माझा धाकटा भाऊ दरवर्षीसारखा आंब्याच्या पेट्या घेऊन शुक्रवारी माझ्याकडे उतरणार होता. त्या नंबरांच्या खालीच सगळे भाग बघायची सोय होती. नुसतं बोट लावायचा अवकाश.

'कासव' हे त्या मालिकेचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि लालबागच्या आमच्या चाळीत ते कुणाला धड म्हणता यायचं नाही. परदेशात बनलेली, हिंदी बोलणारी, रविवारी सकाळी लागणारी ती मालिका. धुक्याच्या राजाने एक आख्खं राज्य गिळलंय आणि त्या राज्याची मोठी घंटा फोडून तिचे तुकडे बेटाबेटांवर फेकलेत. तीन भावंडं डोंगराएवढ्या कासवाच्या पाठीवर झोपडी बांधून ते तुकडे शोधत फिरतात. दर रविवारी एक बेट, एक तुकडा. सगळे तुकडे जुळून घंटा वाजली की धुकं हटणार आणि पांगलेली माणसं आपापल्या घरी येणार.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. संप मिटला असं कुणी म्हणालं नव्हतं आणि चालू आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. गिरणीचा भोंगा बंद पडला होता, तरी बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे. साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून आयुष्य काढलेला माणूस, त्याला बसवायचं नाही. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या येरझारा चालायच्या आणि लोक दारातून पाय आत घ्यायचे. बसून राहता न येण्याचा हा रोग मला त्यांच्याकडून आला.

टीव्ही आमच्या मजल्यावर एकच होता. तो गोदीत नोकरीला असलेल्या काकांकडे, कारण त्यांचा पगार संपातही चुकला नव्हता. लाकडी कपाटात बसवलेला, सरकत्या दारांचा, काळापांढरा. ती दारं उघडायचा मान काकूंचा. पाय धुऊन यायचं, खाटेवर बसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि नाकात बोट घातलेलं दिसलं की सरळ बाहेर. त्या स्वतः सुपात तांदूळ घेऊन बसायच्या आणि निवडता निवडता सगळ्यांच्या आधी रडायच्या.

अँटेना वाऱ्याने फिरली की पडद्यावर मुंग्या यायच्या. धुक्याचा राजा आला की त्याही वेळी पडदा तसाच व्हायचा. त्यामुळे मुंग्या कुठल्या आणि धुकं कुठलं, हे आम्हाला कळायचं नाही. एकदा राजा केव्हाच निघून गेला होता आणि आम्ही अर्धा तास मुंग्यांनाच घाबरत बसलो होतो.

नंबर लावायचं खूळ माझ्या भावाचं. तो तेव्हा दुसरीत, मी सातवीत. शाळेत त्याचा स्वतःचा नंबर कधी आला नाही, म्हणून जगातल्या बाकी सगळ्या वस्तूंचे नंबर तो लावायचा. चाळीतल्या मांजरांचे, काकूंच्या साड्यांचे, गल्लीतल्या गणपतींचे. भाग संपला की गॅलरीत कोर्ट भरायचं आणि नव्या भागाला आधीच्या भागांमध्ये कुठे बसवायचं यावर भांडण व्हायचं. परीक्षक बाबा. त्यांना दशावताराचं वेड होतं. लालबाग-परळमध्ये कुठेही गावची मंडळी नाटक करायला आली की हे पहिल्या रांगेत. त्यामुळे भागाला मार्क द्यायची त्यांची रीत ठरलेली होती.

"राक्षस कसो येता ता बघूचा," ते म्हणायचे. "येताना पोटात गोळो इलो तरच तो राक्षस. नायतर नुसतो जाडो माणूस."

दुसरी रीत साचेवाल्याची. चित्रांमधलं पळणारं रान, त्यातला तोच दगड आणि तेच झाड फिरून फिरून येतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "डिझाइन रिपीट हा," म्हणून ते मार्क कापायचे. भावाचा हिशेब सोपा होता. कासव फार कमी बोलायचं, पण ज्या भागात बोललं तो भाग वर. आणि मी पुराव्याची. तुकडा कष्टाने मिळाला की आयता, हे मी बघायची. आयत्या तुकड्याचा भाग मी खाली ढकलायची आणि भाऊ माझ्या पाठीत बुक्की घालायचा. असं आमचं सुखाचं चाललं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि भाऊ गावी आमच्या सख्ख्या काकांकडे गेले आणि सुट्टी संपल्यावर परत आले नाहीत. ठरवून गेले होते, मला तेवढं उशिरा कळलं. बाबा कधी भाजी विकायचे, कधी कुणाचं सामान वाहायचे. चौघांचं त्यात भागत नव्हतं. गावी निदान भात होता.

"पोरगी राहूंदे हंय," आई म्हणाली होती. "तिची शाळा हा, आणि तुमका भाकरी तरी मेळात."

म्हणजे मी शाळेसाठी राहिले की भाकरीसाठी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या वेळी मी आईवर भयंकर चिडले होते. भाऊ जाताना रडला नाही. एस.टी.च्या खिडकीतून त्याने फक्त एकच विचारलं, "बाबांनू, आणि कासव?"

"कासव मी सांगान तुका," बाबा म्हणाले. "आणि गिरणीन घेतल्यान काय लगेच तुमका आणतंय. कासव संपायच्या आत."

हा त्यांचा शब्द होता. कासव संपायच्या आत. तो त्यांनी घाईत दिला असेल, पण भावाने तो धरून ठेवला. आणि मीही.

गावाला कासव सांगायचं कसं, याचं उत्तर आमच्याकडे होतं. बाबांनी बरे दिवस असताना भजनाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे सामने, भरून घ्यायला एक टेप घेतला होता. कॅसेट एकच चांगली होती. तिच्या एका बाजूला आम्ही बोलायचं, गावच्या मंडळाच्या खोलीतून कुणी ना कुणी गावी जायचं त्याच्या पिशवीत ती टाकायची. गावच्या काकांच्या शेजारच्या दुकानदाराकडे टेप होता. तिथे भाऊ ऐकायचा, दुसऱ्या बाजूला त्याचे नंबर सांगायचा, आणि कॅसेट परत यायची. मग आम्ही आधीचं पुसून त्यावरच नवं भरायचो.

बाबांची कॅसेट गाऱ्हाण्याने सुरू व्हायची. गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला घातलेली हाक. एकाने मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. इथे बाकीचे म्हणजे मी एकटी.

"बा देवा म्हाराजा," बाबा सुरू करायचे.

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या मुंबैतसून माझ्या झीलाक कासवाची गजाल सांगतंय."

"व्हय म्हाराजा."

"जा बघलंय ताच सांगतलंय. काय कमी-जास्ती झाला तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

मुलाला गोष्ट सांगायला एवढा थाट, मला हसू आवरायचं नाही. एकदा मी म्हटलंच, की कार्टूनसाठी देवाला कशाला उठवता, त्याला दुसरी कामं नाहीत का? बाबा हसले नाहीत. "देवाक साक्षी ठेवलो काय तोंडातसून खोटा येणा नाय," ते म्हणाले. "नायतर सांगणारो वाहवत जाता."

तरी ते वाहवत जायचेच, पण फक्त आवाजात. मिठाच्या राक्षसाचा एक भाग होता. सबंध बेट मिठाचं, राक्षसही मिठाचा, आणि कुणी रडलं की तो त्या पाण्याने विरघळायचा. टीव्हीवर तो भाग ठीकठाक होता. बाबांनी तो असा काही सांगितला, की शेजारपाजारची मंडळी दारात येऊन उभी राहिली. गावाहून भावाचा निकाल आला. मिठाच्या राक्षसाला पहिला नंबर, विहिरीच्या भागाला दुसरा. मागे कोंबडा ओरडत होता आणि आई म्हणत होती, बास कर आता, दुकान बंद होतला.

मी पुढच्या कॅसेटमध्ये त्याला झापलं. म्हटलं, तू कासवाला नंबर देत नाहीस, बाबांना देतोस. भाग बघितला मी, आणि नंबर लावतोस तू? परीक्षेला न बसलेल्याने पेपर तपासायचे? त्याचं उत्तर आलं, "मग तू नीट सांग. तू सांगतस तेवा माका झोप येता." कासव कुठल्या रंगाचं यावरही आमचं जुंपलं. काळ्यापांढऱ्या टीव्हीवर कुणाला काय कळणार? मी हिरवं म्हणायची, बाबांनी त्याला तांबडं सांगितलं होतं. त्याचं कासव तांबडंच राहिलं.

प्रत्येक कॅसेटच्या शेवटी तो एक वाक्य बोलायचा. "बाबांनू, आमका कधी नेतलात?" बाबा ते ऐकून टेप थांबवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा ऐकायचे. मग उठून गॅलरीत जायचे. मी आतून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत भाकऱ्या थापायची. कासवाचं एकेक बेट मागे पडत होतं आणि मला रविवार नकोसा होऊ लागला. नवा भाग बघायची ओढही असायची आणि एक भाग कमी झाला म्हणून जीवही वरखाली व्हायचा. तुकडे संपत आले होते. गिरणीचं काही हलत नव्हतं.

मध्यंतरी बातमी आली की लोअर परळची आमची गिरणी थोडी थोडी माणसं आत घेतेय. बाबांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि ते गेटवर जाऊन आले. पुढच्या सोमवारी या म्हणाले. पुढच्या सोमवारी म्हणाले, गणपतीनंतर बघू. बाबा प्रत्येक वेळी जाताना झपझप जायचे आणि येताना भारतमाता टॉकीजच्या नाक्यावर उगाच थांबून कुणाकुणाशी बोलत बसायचे. घरी लवकर यायला नको म्हणून. मी खिडकीतून बघत असायची.

एका शनिवारी ते परत आले आणि जेवायला बसले. आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "साचेखाता चालूच होवचा नाय. साचे भंगारात काढतले." एवढंच. मग भाकरी चांगली झालीय म्हणाले. ती करपलेली होती.

दुसऱ्या दिवशी कासवाचा शेवटचा भाग होता.

काकूंची खोली गच्च भरली होती. बाबा दाराला टेकून उभे. त्या दिवशी मुंग्या नव्हत्या, चित्र स्वच्छ होतं. शेवटचं बेट, शेवटचा तुकडा. तो तुकडा एका दीपस्तंभाच्या चाकात अडकलेला असतो. चाक कुणीतरी हाताने फिरवत राहिलं तरच दिवा लागतो, आणि दिवा लागला तरच कासवाला धुक्यातून वाट दिसते. म्हणजे तुकडाही सुटत नाही आणि एकाला तरी मागे राहावं लागतं. धाकटा म्हणतो, मी राहतो. मोठी बहीण नको म्हणते, पण कासव चालायला लागलेलं असतं. शेवटच्या चित्रात लांबवर दिव्याचा एक ठिपका, आणि कासवाच्या पाठीवर दोघंच. घंटा वाजलीच नाही. पुढचा सीझन येईल असं असणार, पण आमच्याकडे तो कधी लागला नाही.

काकू सूप बाजूला ठेवून रडल्या. मी मागे वळून बघितलं तर दारात बाबा नव्हते.

ते आमच्या खोलीत टेपपाशी बसले होते. मला म्हणाले, दार लाव. मी त्यांच्यासमोर बसले. त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं आणि सरळ गोष्टच सुरू केली. साथ द्यायला मी तोंड उघडून तयार होते, ते तसंच राहिलं. बाबांनी दीपस्तंभ नीट सांगितला, चाक सांगितलं, तुकडा सांगितला. आणि मग त्यांच्या गोष्टीतलं कासव बोललं. कासव म्हणालं, पोरांनो, मी इतकी वर्षं तुम्हाला पाठीवर घेऊन फिरलो तो कुणाला मागे टाकायला नाही. आणि ते डोंगराएवढं जनावर पाण्याबाहेर आलं, त्याने आपली मान त्या चाकात घातली आणि चाक मुळासकट उपटलं. दिवा विझला, तुकडा सुटला. अंधारात तिघांनी मिळून घंटा जोडली. आणि बाबांनी घंटा वाजवली.

त्यांनी ती तोंडाने वाजवली. पोटातून, लांब, गिरणीच्या भोंग्यासारखी. धुकं फाटलं. एकेका बेटावरून माणसं निघाली. कुणाच्या हातात ट्रंक, कुणाच्या डोक्यावर वळकटी, कुणाच्या कडेवर पोर. सगळी घरी आली. चाळीतल्या एकेका माणसाची चाल बाबांनी त्यात घातली होती. मी तोंडावर हात दाबून बसले होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

बटण बंद झाल्यावर मी ओरडले. हे खोटं आहे, म्हटलं. असं काही झालं नाही. तो विश्वास ठेवेल, तो तिकडे वाट बघत बसेल, आणि तुम्ही तर त्याला आणूच शकणार नाही.

बाबा माझ्यावर कधी हात उगारत नसत. त्या दिवशीही उगारला नाही. कॅसेट काढून डबीत घालत ते म्हणाले, "आठ वर्षांचो पोर हा तो. त्येका बेटार ठेवून येव काय मी?"

मी उठून दार उघडलं. राग मात्र गेला नाही. ती कॅसेट त्याच संध्याकाळी गावी जाणाऱ्या एकाच्या पिशवीतून गेली.

उत्तर यायला वेळ लागला. कॅसेट आल्याबरोबर बाबांनी टेप लावला. भावाने सगळ्या भागांचे नंबर शेवटपासून सुरू करून सांगितले, निकाल लावणाऱ्या मास्तरासारखे सावकाश. मिठाचा राक्षस दुसरा आला. मग तो म्हणाला, "पयलो नंबर, शेवटचो भाग. घंटेचो. पैकीच्या पैकी." आणि शेवटी, "बाबांनू, घंटा लय मोठी वाजली." आणि मागे खटका वाजला, टेप बंद झाला.

आमका कधी नेतलात, हे वाक्य त्यात नव्हतं. आम्ही कॅसेट उलटीसुलटी करून बघितली. पुढच्या कॅसेटमध्येही नव्हतं. त्याने ते पुन्हा कधीच विचारलं नाही.

"इसारलो वाटता," बाबा म्हणाले. "रुळलो पोरगो." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि दुखावल्यासारखंही काहीतरी दिसलं. मलाही हायसं वाटलं. घंटेच्या नादात पोर खूश आहे, आपणच मेले रडत होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबांना नंतर शिवडीला एका गोदामावर वॉचमनचं काम मिळालं. त्यात मुंबईत चौघं राहण्याएवढं कधी निघालं नाही. आई येऊन-जाऊन राहिली. भाऊ गावीच शिकला, गावीच कलमं लावली, गावीच त्याचा संसार झाला. दरवर्षी तो पेट्या घेऊन येतो, लालबाग-दादरच्या ठरलेल्या घरी पोचवतो, आणि निघायच्या आधी आम्ही एकदा तरी कासवाचे नंबर लावतो. खालच्या भागांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. पहिल्या नंबराबद्दल भांडण नाही. बाबा होते तेव्हा तेही बसायचे आणि घंटेचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचे.

आता शुक्रवारचं सांगते. दुपारी जेवण झाल्यावर भाऊ हॉलमध्ये फरशीवर पेट्या उघडून बसला होता. पेंढा बाजूला करून एकेक आंबा हातात घ्यायचा, दाबून बघायचा, पिकायला आलेला वेगळा काढायचा. मी स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत. फोन पदरात धरलेला. न सांगावं तर आज ना उद्या त्याचा मुलगा हे शोधून त्याच्यासमोर धरणार. आजकालची पोरं, त्यांना काय लागतं? बाबा तर नाहीतच, तेव्हा मीही नसणार, आणि याला एकट्याला कळणार की घंटा वाजलीच नव्हती. सांगावं तर मीच ती फोडणारी. बाबांनी आयुष्यात सांगितलेलं ते एकच खोटं, आणि ते माझ्या हातून उघडं पडावं?

"ताई, बस गो जरा," तो म्हणाला. "बाबांसारखी फिरतंस कित्या?"

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून नंबर वाचले. मिठाचा राक्षस सातवा बघून त्याने त्या परक्या माणसाला एक शिवी घातली. मग वर गेला. "शेवटच्या भागाक पयलो. एवढा एक बरा केल्यान," म्हणाला, आणि त्याचं बोट खालच्या चित्राकडे गेलं. तिथे कासव होतं. निळं. हिरवं नाही आणि तांबडंही नाही.

मी फोनवर हात ठेवला. "बघू नकोस," म्हटलं. "त्यात घंटा वाजत नाही. धाकट्याला बेटावर ठेवून जातात. बाबांनी तुला सांगितलेलं त्यांच्या मनाचं होतं."

त्याने वर बघितलं. मला वाटलं, झालं. पण त्याच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं त्यातलं काहीच नव्हतं. त्याने एक आंबा उचलला आणि देठापाशी नाक नेलं.

"माका म्हायत हा," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तेवापासून. बटण दाबल्याबरोबर. त्या कॅसेटीत गाऱ्हाणा नव्हता." तो आंबा हातातल्या हातात फिरवत राहिला. "मी दुकानात उभो होतंय. 'बा देवा म्हाराजा' येतला म्हणान वाट बघतंय, तर बाबांनी एकदम गजालच सुरू केल्यानी. देवाक साक्षी ठेवूक नाय. तेवाच समाजला, आज बाबा खोटा सांगतले. आणि खोटा सांगतत म्हणजे आमका काय ते न्हेणत नाय."

त्या दिवशी बाबांसमोरच मी साथ द्यायला तोंड उघडून बसले होते, आणि मला वाटलं होतं बाबा विसरले. पेपर न बघता तपासणारा म्हणून मी ज्याची चेष्टा केली, त्याने लांबून ऐकलेलं मला जवळ बसून ऐकू आलं नव्हतं.

"म्हणून तू विचारायचं बंद केलंस?"

"ईचारून काय करू? त्येंका परत खोटा बोलाचा लागला असता."

"आणि तरी पहिला नंबर दिलास? पैकीच्या पैकी?" माझा आवाज उगाचच चढला होता.

"मग दुसरो दिवू?" आता तोही चिडला. "बाकीचे सगळे भाग खयल्या खयल्या लोकांनी केलेले. ह्यो एकच माझ्या बापाशीन केल्यान."

मी त्याच्यासमोर पेंढ्यात बसले. चार दिवसांनी पहिल्यांदा बसले. फोनचा पडदा काळा झाला होता, मी तो पेटीच्या झाकणाखाली सारला. कॅसेट कधीच गेली होती. तिच्यावर पुढे काय काय भरलं आणि पुसलं, कुणाला आठवतंय. मी त्याला म्हटलं, सांग. तुला आठवतंय तसं सांग.

त्याने हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले, बाबांची तीच सवय. दीपस्तंभ सांगितला, चाक सांगितलं. तांबडं कासव पाण्याबाहेर आलं. ट्रंका आणि वळकट्या घेऊन माणसं बेटांवरून निघाली, आणि त्यांच्यात चाळीतली एकेक चाल मी ओळखत गेले. मग त्याने मान थोडी वर केली आणि पोटातून, लांब, बाबांच्या आवाजात घंटा वाजवली.

गाऱ्हाणं त्यानेही घातलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."